शेठजींचं सचित्र बालपण

मी आयुष्यात एकाच माणसाचं चरित्र लिहिलं आणि त्यातलं बालपण सरळ स्वतःच्या मनाने रचलं. पुस्तक सोळा पानांचं होतं, मुलांसाठी होतं, रंगीत होतं आणि ते कुणी विकत घ्यावं अशी कुणाचीच अपेक्षा नव्हती.

नव्वदच्या दशकातली सुरुवातीची वर्षं. नेरुळच्या एका शाळेत मी पाचवी ते सातवीला मराठी शिकवत होते. एका दिवाळी अंकात माझी एक कथा आणि मुलांच्या मासिकात दोन गोष्टी छापून आल्या होत्या. एवढ्या भांडवलावर शाळेने मला साहित्यिक ठरवून टाकलं होतं. त्यामुळे फळ्यावरचा सुविचार, स्नेहसंमेलनाचं प्रास्ताविक आणि निवृत्त होणाऱ्या शिपायाचं मानपत्र ही सगळी कामं माझ्याकडे यायची. गणिताच्या बाईंना असा त्रास नव्हता.

एकदा मधल्या सुट्टीत मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, मला बोलावून घेतलं.

"आपल्या शेठजींवर एक पुस्तक करायचंय," त्या म्हणाल्या. "एकसष्टी आहे त्यांची."

शेठजी म्हणजे वाशीच्या घाऊक बाजारातले कांद्या-बटाट्याचे व्यापारी. मूळचे जुन्नरकडचे. शाळेचं सभागृह त्यांनी बांधून दिलं होतं, तेव्हापासून ते 'आपले' झाले होते. त्यांना चित्रं विकत घ्यायचा नाद आहे आणि त्या नादात ते जरा चमत्कारिक वागतात, एवढं माझ्या कानावर आलं होतं.

"मुलांसाठी सचित्र चरित्र," मोठ्या बाई म्हणाल्या. "थोर कलासंग्राहक, असं काहीतरी. पानावर चार ओळी, बाकी चित्र."

"पण बाई, कांद्याच्या व्यापाऱ्याचं चरित्र मुलं वाचतील का?"

"वाचायचं कोण म्हणतंय? वाटायचं आहे."

पुढच्या शनिवारी शाळा सुटल्यावर मी वाशीला त्यांच्या घरी गेले. शेजारशेजारचे दोन फ्लॅट, मधली भिंत पाडून एक केलेले. दार काकूंनी उघडलं. आत पाऊल टाकलं आणि मला वाटलं, घरात सुतारकाम चालू असावं. हॉलच्या चारही भिंतींवर जमिनीपासून छतापर्यंत फ्रेमा टांगल्या होत्या आणि सगळ्या पाठमोऱ्या. लाकडी पट्ट्या, मळकट कॅनव्हास, गंजके खिळे, पिवळ्या पडलेल्या चिकटपट्ट्या. खिडकीजवळचं एकच चित्र सरळ होतं. त्यात एक म्हैस डबक्यात बसली होती.

शेठजी सोफ्यावर मांडी घालून बसले होते. सफारी, कपाळाला गंध, मान जाड. "बसा बाई," ते म्हणाले. "आज म्हशीचा दिवस आहे."

मग त्यांनी समजावून सांगितलं. रोज सकाळी चहाबरोबर ते एकच चित्र सरळ करायचे. ते दिवसभर बघायचं. दुसऱ्या दिवशी त्याने पाठ फिरवायची आणि शेजारच्याने तोंड दाखवायचं.

"बाकीची अशी का ठेवली?" मी विचारलं.

"बघून बघून झिजतात," ते म्हणाले. "बाजारात माल उघडा ठेवला की येणारा-जाणारा हात लावतो. मग तो माल राहत नाही."

मी वहीत लिहून घेतलं. सोमवारी शिक्षकांच्या खोलीत हे कसं सांगायचं, याचा विचार मी तिथे बसल्या बसल्याच करत होते.

चित्रं ते विकतही पाठीकडूनच घ्यायचे. प्रदर्शनात जायचं आणि तिथल्या माणसाला सांगायचं, हे जरा उलटं करून दाखवा. "समोरून सगळीच बरी दिसतात बाई. पोत्याच्या तोंडाशी नेहमी चांगलाच कांदा असतो. आम्ही पोतं ओतून बघतो."

"पण चित्राच्या मागे बघण्यासारखं काय असतं?"

"वाचा की तुम्ही. शिकलेल्या आहात."

मी उठून वाचायला लागले. एका चित्रामागे 'एकांत' असं लिहून खोडलं होतं, त्याखाली 'प्रतीक्षा' खोडलं होतं आणि शेवटी लिहिलं होतं, 'बाई आणि मांजर'. एकावर 'ओलं आहे, टेकू नये' अशी सूचना होती आणि तिच्यावरच कुणाच्या तरी शर्टाच्या रेघा उमटल्या होत्या. एकावर लहान मुलाने सातचा पाढा लिहिला होता आणि सात सक्कं चुकवलं होतं. मी हसले. शेठजीही हसले. त्यांना वाटलं, आम्ही एकाच गोष्टीला हसतोय.

काकू चहा घेऊन आल्या. स्वयंपाकघरातही चित्रं होती. धान्याच्या डब्यांवर, ओट्यावर, फ्रिजच्या मागे. "ओट्यावरच्याला फोडणी लागते," त्या हळूच म्हणाल्या. "दर दिवाळीला साबणाने पुसते मी. ह्यांना बोलू नका." हे मी वहीत लिहिलं नाही. चरित्र त्यांचं नव्हतं.

दुसऱ्या खेपेला तिथे एक कलासमीक्षक भेटले. हे गृहस्थ मुंबईहून दर रविवारी यायचे, खिशात एक भिंग ठेवायचे आणि ते कधीच बाहेर काढायचे नाहीत. काकूंच्या हातच्या मासवड्या खाता खाता ते मला म्हणाले, "पाठमोरी चित्रं म्हणजे पाहण्याच्या सत्तेला दिलेला नकार आहे. तुमच्या पुस्तकात हे यायला हवं."

ते हात धुवायला गेल्यावर शेठजींनी मला विचारलं, "म्हणजे काय हो बाई?"

"म्हणजे चांगलं आहे."

"मग तसं का म्हणत नाहीत?"

मला चरित्रासाठी बालपण हवं होतं. मी वही उघडून बसले.

"लहानपणी चित्रं काढायचात का?"

"नाही."

"शाळेच्या वहीत वगैरे?"

"वही एकच होती. तिच्यात अभ्यास लिहायचा."

"सूर्यास्त बघून काही वाटायचं?"

त्यांनी जरा विचार केला. "गुरं परत आणायची वेळ झाली, असं वाटायचं."

"घरात एखादं चित्र?"

"एक कॅलेंडर होतं. पोटाच्या औषधाचं."

मी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, मग हे सुरू कुठून झालं. तेव्हा त्यांनी ती गोष्ट सांगितली.

बाजार अजून मुंबईत होता तेव्हाची. ते फोर्टात एका वकिलाकडे गेले होते. तिथे बराच वेळ बसावं लागलं. बाहेर पडले तेव्हा लघवीला घाईची लागली होती आणि आसपास कुठे सोय दिसेना. एका इमारतीचं दार उघडं होतं, आत पंखे, स्वच्छ फरशी. ते आत शिरले. पहारेकऱ्याने अडवून विचारलं, चित्रं बघायला आलात का.

"हो म्हटलं. नाही म्हटलं असतं तर हाकललं असतं. तर तो गडी माझ्या मागे मागे फिरायला लागला. मग काय, एकेका चित्रापुढे उभा राहिलो पाय आवळून. काही दिसत नव्हतं मला. अगदी शेवटी एक चित्र टांगायचं राहिलेलं, भिंतीला टेकवून उलटं ठेवलेलं. त्याच्या मागे पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'आई, झालं एकदाचं.'"

ते पुढे म्हणाले, "एवढ्या सगळ्यात मला तेवढंच कळलं बाई. मी म्हटलं, हे पाहिजे."

"आणि ज्यासाठी गेला होतात ते?"

"मग मोरी दाखवली त्यांनी. गिऱ्हाईक झालो ना."

ही गोष्ट मी जशीच्या तशी लिहिली. फक्त शब्द सौम्य केले: 'शेठजींना फार घाईची लागली होती.' मोठ्या बाईंनी लाल पेनाने त्यावर मोठी फुली मारली.

"लघवी? बालवाङ्मयात?"

"मुलांना आवडेल, बाई."

"आवडेल म्हणूनच नको. आणि यात बालपण कुठे आहे? थोर माणसाला बालपण असतं."

"त्यांना नव्हतं म्हणतात."

"मग तुम्ही साहित्यिक कशाला आहात?"

मी घरी गेले आणि एका संध्याकाळी शेठजींना बालपण दिलं. गोठ्याची भिंत, चुलीतला कोळसा आणि भिंतीवर उमटलेली हुबेहूब गाय. खरी गाय येऊन त्या गायीला चाटते. गुरुजी म्हणतात, बाळ, तुझ्या बोटांत जादू आहे. घरात रंगांना पैसा नाही, म्हणून आई आपली नथ मोडते. ही नथ मला दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना रिक्षात सुचली आणि मी पर्यवेक्षणाच्या तासाला ती घालून टाकली. हे लिहिताना मला लाज वाटायला हवी होती. प्रत्यक्षात हात भराभर चालला. लहानपणापासून वाचलेले सगळे थोर पुरुष मला उपयोगी पडले. सगळ्यांचं बालपण सारखंच होतं, नुसतं नाव बदलायचं.

मोठ्या बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. शेठजींनी मजकूर वाचायला मागितलाच नाही. "बाई शिकलेल्या आहेत, लिहितील ते बरोबर," असं म्हणाले.

आता चित्रं हवी होती. आमचे चित्रकलेचे सर म्हणाले की ते फक्त निसर्ग काढतात. मग मला शाळेजवळच्या शिरवणे गावातली ती मुलगी आठवली. शाळेच्या फाटकावरची पाटी तिनेच रंगवली होती. वीस-एकवीस वर्षांची असेल. घरची शेती नव्या टाऊनशिपसाठी सरकारने घेतली होती, वडिलांनी चाळीच्या खोल्या बांधून भाड्याने दिल्या होत्या आणि ही दुकानांच्या पाट्या रंगवायची. गणपतीच्या दिवसांत चुलत्याच्या कारखान्यात मूर्तींचे डोळे आखायची. तिच्याइतका सरळ हात मी पाहिला नाही.

तिने माझा मजकूर व्हरांड्यात उभ्याने वाचला.

"बाई, यो पोर कोन?"

"शेठजी. लहानपणचे."

"यो शेठ नाय. यो धड्यातला पोर हाय."

मला राग आला. पाट्या रंगवणाऱ्या मुलीकडून मला समीक्षा नको होती. पण मजकूर मंजूर झाला होता आणि दिवस थोडे होते, म्हणून मी तिला वाशीला घेऊन गेले. ती तासभर त्या पाठमोऱ्या फ्रेमांसमोरून सरकत गेली. काही विचारलं नाही, हसली तर मुळीच नाही. शेठजी सोफ्यावरून उठून तिच्या मागे मागे चालायला लागले. मग त्यांनी स्वतः स्टूल आणून दिलं, वरच्या रांगेतलं वाचता यावं म्हणून. मी काकूंशी बोलत बसले होते. तेवढ्यात शेठजी तिला काहीतरी सांगत होते आणि ती मान हलवत होती, एवढं मी पाहिलं.

पंधरा दिवसांनी तिने चित्रं आणून माझ्या टेबलावर पसरली. सोळाही पानांवर शेठजी पाठमोरे. गोण्यांच्या डोंगरासमोर रुंद पाठ. चित्रांच्या भिंतीसमोर रुंद पाठ. सफारीवरची बसून बसून पडलेली चुणी, टक्कल, आणि मानेवरच्या दोन वळ्या. त्या वळ्या तिने अशा काढल्या होत्या की माणूस हसतोय हे मागूनही कळत होतं. मी इतके दिवस त्या माणसासमोर बसत होते आणि मला त्या वळ्या दिसल्या नव्हत्या.

एका पानावर ते एका दालनात उभे होते. गुडघे एकमेकांना चिकटलेले, टाचा वर, मुठी घट्ट. शेजारी पहारेकरी.

"हे कुठून आलं?" मी विचारलं. "मजकुरात हे नाही."

"मना शेठनी जसा सांगला तसा मी काडला. तुमी गाय लिवली, ती गाय पन काडली मी."

गाय तिने काढली होती खरी. पण भिंतीवरची गाय इतकी बेताची होती की ती चाटायला खऱ्या गायीने का यावं, हे कळत नव्हतं.

शेठजींनी वरचं एकच चित्र ओझरतं बघितलं आणि "हा मी आहे" एवढंच म्हणाले. मोठ्या बाईंनी विचारलं, "नायकाचा चेहरा कुठे आहे?" शेवटी तडजोड झाली. मुखपृष्ठावर शेठजींचा फोटो टाकायचा, चेहऱ्याचा, हार घातलेला. आणि ते पाय आवळलेलं चित्र काढून टाकायला वेळ नव्हता, म्हणून त्याच्यावर मी नव्या ओळी लिहिल्या: 'एके दिवशी शेठजी चित्रांसमोर उभे राहिले. त्यांचं भान हरपलं.' मोठ्या बाईंना ते पटलं. तुर्भ्याच्या एका छापखान्यात पुस्तक छापून झालं आणि गठ्ठे शाळेत आले.

एकसष्टीचा समारंभ त्यांनीच बांधलेल्या सभागृहात झाला. मुलं जमिनीवर, पालक खुर्च्यांवर, प्रत्येक मुलाच्या हातात पुस्तक. प्रमुख पाहुणे ते समीक्षक. त्यांचं भाषण सुरू असताना मुलं पुस्तक चाळत होती आणि मी शेवटच्या रांगेतून बघत होते की प्रत्येक जण एकाच पानावर थांबतोय, शेजाऱ्याला दाखवतोय.

भाषण संपल्यावर मोठ्या बाई म्हणाल्या, मुलांनो, शेठजींना प्रश्न विचारा. त्यांनी तीन प्रश्न आधीच पाठ करून घेतले होते. पण पहिला हात वर गेला तो चौथीतल्या एका मुलीचा, आणि तिला कुणी काही पढवलेलं नव्हतं.

"तुम्ही कोळशाने गाय काढली ती भिंत अजून आहे का?"

"कुठली गाय?" शेठजी म्हणाले.

मुलीने उठून पान दाखवलं. शेठजींनी चष्मा लावला, टेबलावरची प्रत घेतली आणि ते पान माईकसमोर एकेक शब्द करून वाचलं. मग पुढचं पान उलटून नथीच्या ओळी वाचल्या.

"माझ्या आईला नथ नव्हती," ते म्हणाले. रागाने नाही, चुकीचं माप दुरुस्त करावं तसं. "ही गायही मी काढली नाही. ही बाईंनी काढली."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मी खिडकीबाहेर बघितलं. बाहेर काही नव्हतं.

तेवढ्यात सातवीतला एक मुलगा उभा राहिला. "मग ह्या पानावर तुम्ही पाय असे आवळून का उभे आहात?"

मोठ्या बाईंनी माईककडे हात केला, पण शेठजींनी तो धरून ठेवला होता. त्यांनी सगळं सांगितलं. वकील, घाई, पहारेकरी, पंखे. पाय कसे आवळले ते उभं राहून दाखवलं. एकसष्टीचा माणूस, गळ्यात झेंडूचा हार, स्टेजवर टाचा उचलून उभा. मुलं हसून हसून एकमेकांवर पडली. आमच्या शाळेच्या सभागृहात मुलं मनापासून हसल्याचं मला तेवढं एकच आठवतं.

मग त्यांनी टेबलाखालून एक फ्रेम काढली. तेच चित्र होतं, त्यांचं पहिलं. त्याची पाठ मुलांकडे करून त्यांनी वाचायला सांगितलं. पुढच्या रांगेने एका सुरात वाचलं, "आई, झालं एकदाचं."

"मग आई काय म्हणाली?" चौथीतल्या त्या मुलीने विचारलं.

"मलाही तेच पाहिजे होतं," शेठजी म्हणाले. "म्हणून चित्रकाराला शोधून काढलं. तो म्हणाला, हे माझं अक्षर नाही. फ्रेमवाल्याचं असेल. मग फ्रेमवाल्याकडे गेलो. त्याची आई बहिरी. रोज दुकानात येऊन बसायची, काम संपलं का म्हणून सारखी विचारायची. ओरडून तिला ऐकू जायचं नाही. म्हणून तो हातात असेल त्याच्यावर लिहून तिला दाखवायचा. त्या दिवशी हातात हे होतं."

"मग?"

"मग आई म्हणाली, घरी चल."

कार्यक्रम संपल्यावर समीक्षक माझ्यापाशी येऊन म्हणाले की या पार्श्वलेखनाबद्दल ते बरेच दिवस लिहिणार होते. माझ्या वहीत ही गोष्ट अर्धीच होती, कारण पुढचं मी विचारलंच नव्हतं. मोरीपाशी मला हसू आलं होतं आणि मी वही मिटली होती.

नंतरचे काही दिवस शाळेत बरे गेले नाहीत. उरलेल्या प्रतींमधल्या त्या पानावर मोठ्या बाईंनी कोरा कागद चिकटवून घेतला. मुलांनी तो नखांनी सोलून काढला. चित्रकलेच्या परीक्षेत सहावीच्या अख्ख्या वर्गाने कागदाच्या मागे काहीबाही लिहून दिलं. 'घाम येतोय', 'ह्याने माझा ब्रश घेतला', 'सर, पुढचं बघू नका'. निसर्ग काढणाऱ्या सरांनी माझ्याशी बोलणं सोडलं.

मी शेठजींकडे माफी मागायला गेले. शिरवण्याची मुलगीही तिथे आली होती, कारण पुस्तकाची मूळ चित्रं त्यांना विकत हवी होती. तिने ती जमिनीवर पालथी मांडली. शेठजी वाकून बघायला लागले. मागे काहीच नव्हतं, नुसता पांढरा कागद.

"मागं काय लिहिलं नाही तू?"

"मागं कागद हाय. लिवायचं ते मोरं काडलंय." ती त्या चित्रांच्या आणि शेठजींच्या मधे येऊन बसली. "शेठ, आदी मोरं बगा. नाय तं मी देनार नाय."

मला वाटलं, आता हे चिडतील. पण ते चिडले नाहीत. मग त्यांनी एक चित्र उलटं केलं, म्हणजे सरळ केलं, आणि त्यात स्वतःची पाठ बघितली. मग दुसरं. सोळाही चित्रं त्यांनी तशीच बघितली, आणि बघताना त्यांना संकोच वाटत होता. कुणी आपल्याला मागून बघत असेल असं त्यांच्या बहुधा कधी मनातच आलं नव्हतं.

"बरी आहेत," शेवटी ते म्हणाले.

"मंग घ्या."

माझी वेळ आली तेव्हा मी म्हटलं, "शेठजी, त्या नथीचं चुकलं माझं."

"असू द्या," ते म्हणाले. "तुमच्यातही पोत्याच्या तोंडाशी चांगला माल ठेवायची पद्धत असेल." त्यांना मला टोचायचं नव्हतं. ते एका धंद्यातल्या माणसाने दुसऱ्याला म्हणावं तसं म्हणाले आणि म्हणूनच ते मला अजून टोचतं.

त्यानंतर तीन-चार वर्षांनी ते गेले, सकाळी बाजारात, गाळ्यावर बसल्या जागी. त्यांच्या मुलाने आणि समीक्षकांनी मिळून वाशीतल्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये संग्रहाचं प्रदर्शन भरवलं. पहिल्यांदाच सगळी चित्रं एका वेळी सरळ टांगलेली, प्रत्येकावर छोटा दिवा. तेव्हा कळलं की बहुतेक अगदीच सामान्य होती. म्हशी, घाट, सूर्यास्त, मडकं घेतलेल्या बायका. समीक्षक पाहुण्यांना हलक्या आवाजात सांगत होते की संग्रह मिश्र दर्जाचा आहे आणि आपण ते पूर्वीच सुचवलं होतं. मी सातचा पाढा कुठल्या चित्रामागे होता ते शोधण्यासाठी एक फ्रेम जरा पुढे ओढली. तिथल्या माणसाने सांगितलं, हात लावू नका. चित्रं पुढे कुठे कुठे गेली, मला ठाऊक नाही. शिरवण्याच्या मुलीची सोळा तिने मुलाकडून परत मागून नेली. त्याने विचार न करता दिली. तिचं तोवर नेरुळ स्टेशनच्या बाजूला पाट्यांचं स्वतःचं दुकान झालं होतं, आणि मुलांच्या पुस्तकांची कामंही तिच्याकडे येऊ लागली होती. माझा मजकूर तिने पुन्हा कधी मागितला नाही.

दिवाळीनंतर मी काकूंना भेटायला गेले. दार उघडून त्यांनी मला आत घेतलं आणि हॉलच्या मधोमध उभं केलं. भिंती रिकाम्या होत्या आणि गुलाबी होत्या. हॉल, स्वयंपाकघर, पॅसेज, सगळीकडे एकच गुलाबी. ओल्या रंगाचा वास अजून येत होता.

"मला पहिल्यापासून हाच रंग आवडतो," काकू म्हणाल्या. "ह्या घरात भिंत अशी दिसलीच नव्हती कधी. आणि कुणी विचारलंही नाही."

माझ्या पुस्तकात काकू एकदाच होत्या, पान अकरावर, चहाचा ट्रे घेऊन. शिरवण्याच्या मुलीने त्यांना समोरून काढलं होतं. तिने काढलेला तो एकच चेहरा होता त्या पुस्तकात, पण काकूंवर मी एक ओळही लिहिली नव्हती.

आम्ही बसलो. त्यांनी मासवडी आणून ठेवली आणि स्वतःही माझ्याबरोबर खाल्ली, जे त्यांनी पूर्वी कधी केलं नव्हतं. मग भिंतीकडे बघत त्यांनी विचारलं, "जास्त भडक झालाय का हो? खरं सांगा."

रंग फारच भडक झाला होता. मी म्हटलं, छान आहे.